भट्टीवरचा जोडीदार

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. ओतकामाच्या कारखान्यात पहिली पाळी सहाची. कोण कुठल्या जागेवर उभं राहणार, त्याचा कागद त्याआधी फाटकावर लागलेला हवा. तो काढणं तिचं काम. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागी तिला घेतलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं. त्याने लिहून ठेवलेलं वाचत वाचतच ती शिकली.

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. आधी भट्टीवर राबलेला, मग संगणकाच्या खोलीत आलेला. डेटाबेसमध्ये त्याने ‘पाळी’ नावाची स्टोअर्ड प्रोसिजर लिहिली होती. म्हणजे कामाची रीत एकदाच पायरीपायरीने लिहायची, नाव देऊन डेटाबेसमध्येच साठवायची. पुढे तारीख देऊन नावाने हाक मारली की झालं. हजर कोण, रजेवर कोण, कुणाला काय येतं, सगळं ‘पाळी’च बघते आणि माणसं नेमते. बाई रोज फक्त हाक मारी.

भट्टीवर तिच्या लेकाबरोबर असणारा जुना कामगार निवृत्त झाला, आणि दुसऱ्याच दिवशी कागदावर भट्टीपुढे दोन नावं आली. एक लेकाचं. दुसरं उस्तादचं.

फाटकावर माणसं कागद पुन्हा पुन्हा वाचू लागली. साचेवाला म्हणाला, “वहिनी, उस्तादांची रजा संपली वाटतं!” कुणी हसलं नाही.

तिने ‘पाळी’ उघडून वाचली. कामगारांच्या यादीत उस्ताद मयत होता, पण शेवटच्या ओळीत ‘पाळी’ यादीला विचारतच नव्हती. त्याने लिहून ठेवलं होतं : भट्टीला जोडीदार मिळाला नाही, तर माझा बिल्ला नंबर टाक. जिवंतपणी तो खरंच भट्टीवर जायचा, खुर्ची सोडून, बाह्या सरसावून.

“कागदावर दोन माणसं आहेत ना?” कारखान्याचे साहेब म्हणाले. “मग राहू द्या. नवीन माणूस मिळाला की बघू.”

भट्टीला दोघं लागतात. एक ओततो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. घेरी आली तर मागे ओढणारा हात हवा. लेक एकटाच उभा राहू लागला.

जेवताना ती म्हणाली, “ती ओळ काढून टाकते.”

लेकाने हातातला घास ताटात ठेवला. “नको काढूस.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“बाबा असतात तिथे, आई. काल झळेने डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढे झुकलो, तर मागून कुणीतरी खांदा धरला.”

 ती म्हणाली, “आणि एखाद दिवशी नाही धरला तर?”

तो उठून हात धुवायला गेला.

तिने ‘पाळी’ची नक्कल करून तीत नवा नियम लिहिला : भट्टीला दोन हजर माणसं नसतील, तर केलेल्या सगळ्या नेमणुका मागे घे आणि चूक दाखवून थांब. खोट्या हजेऱ्या भरून ती नक्कल पुन्हा पुन्हा चालवली. पटल्यावर मूळ ‘पाळी’ला हात घातला. उस्तादची ओळ पुसताना मानेमागे ऊब जाणवली, भट्टीवरून आलेला माणूस पाठीशी उभा राहिल्यासारखी. तिने वळून पाहिलं नाही.

सकाळी कागद आला नाही.

“बाई, मशीन तुमचं ऐकतं की माझं?”

“लिहिलेलं ऐकतं, साहेब. भट्टीला माणूस द्या.”

त्या दिवशी भट्टी पेटली नाही. तिचा दिवसाचा पगार कापला. दुसऱ्या दिवशी मात्र साहेबांनी दुसऱ्या खात्यातून भट्टीचं काम येणारा माणूस दिला.

लेक कित्येक दिवस तिच्याशी धड बोलला नाही. एकदाच म्हणाला, “आता मागे कुणी नसतं.”

काही वर्षांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आगीकडे बघणाऱ्यांना लवकर होतो, डॉक्टर म्हणाले. “एकटेच असायचात का तिथे?”

“कधीच नाही,” लेक म्हणाला.

 तिने इतकी वर्षं पहाटे उठून साठवलेला पगार त्या दोन डोळ्यांच्या ऑपरेशनला गेला.