खिडकीजवळची खुर्ची

उदगीरच्या मिशन शाळेत आमच्या चौथीच्या बाईंची खुर्ची फळ्यासमोर नसायची, खिडकीजवळ असायची. दुपारी कडुलिंबाची सावली त्यांच्या पांढऱ्या पातळावर हलायची, आणि पेंगुळल्या डोळ्यांना वाटायचं, बाई हळूहळू झाडात मिसळून चालल्यात. एखादीने धडा वाचला की त्या एवढंच विचारायच्या, "तुला काय दिसलं?" अर्थ म्हणून कधी सांगायच्या नाहीत. माझे वडील चिडायचे, "मग पगार कशाचा घेतात?" बाई ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण त्यांचा नियम सगळ्यांना एकच. "देव आन् लेकरू, ह्यांच्या मधी मास्तरनं हुभं राहू न्हाई. ज्याचं त्यानं वाचावं."

मी मात्र पुढे लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागले, ते ऐन फळ्यासमोर उभी राहून. माझ्या नोट्स पोरं झोपेतही म्हणतात. माझी दहावीतली लेक त्याच नोट्सवर वाढली. काहीही विचारलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. परवा विचारलं, भूक लागली का? तेव्हाही तिने माझ्याकडेच बघितलं. मला बाई आठवल्या.

रविवारची टेस्ट बुडवून तिला उदगीरला बाईंच्या घरी नेलं. बाई थकल्यात, डोळ्यांना कमी दिसतं. खुर्ची घरीही तशीच, खिडकीजवळ. त्यांनी आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, लेकीच्या मांडीवर ठेवलं. तिने पेरणाऱ्याची गोष्ट वाचली. काही दाणे वाटेवर पडले, ते पाखरांनी खाल्ले. काही खडकाळीत पडले, काही काट्यांत, काही चांगल्या मातीत.

"तुला काय दिसलं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर उत्तर तयारच होतं: चार जमिनी, चार प्रकारची माणसं, चार गुण.

"तिकडं नको बघू गं, पानाकडं बघ," बाई म्हणाल्या. मग मला, "तू जरा भाईर जाऊन बस."

शिक्षा झालेल्या पोरीसारखी ओट्यावर बसले. ऊन सुस्त पडलं होतं, मधूनच एखादी लिंबोळी टपकायची. मलाही डुलकी येऊ लागली. मग लेकीचा आवाज आला.

"वाटेवरचे दाणे वाया कुठं गेले, आजी? पाखरांचं पोट भरलं की."

चूक! मी उठलेच, दारापर्यंत गेले. बाई खिडकीबाहेर बघत हसत होत्या. लेकीचं बोट अजून त्या ओळीवर होतं. मी दारात आल्याचं तिला कळलंही नाही.

मला रडूच फुटलं. तशीच आल्या पावली ओट्यावर परतले.