तुमी पण बोला, फादर

फिलोमिनावहिनींचा फोन आला तेव्हा मी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाची वाट पाहत होतो. "पास्कू, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. रडू यायला हवं होतं. त्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं… आणि त्याचीच मला भीती वाटली.

वहिनींचा नवरा इनासदादा आणि मी, दोघंही वसईकडचे. पोटासाठी तारापूरच्या कारखान्यात आलो, एकाच पाळीत लागलो. मी नवखा असताना स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवून, "खा रे, उपाशी माणसाला पापं लवकर सुचतात," म्हणणारा तोच. आमच्याकडे पाइपलाइन खोलून काम करणारा माणूस व्हॉल्व्हला आपल्या नावाचा लाल टॅग बांधतो. ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा. त्या दिवशी टॅगवर इनासदादाचं नाव होतं. पाळी संपत आली होती. त्याचं काम उरकलं असेल असं धरून मी टॅग काढला आणि व्हॉल्व्ह फिरवला. अ‍ॅसिड त्याच्या डोळ्यांत उडालं. चौकशीत मी सांगितलं, टॅग नव्हताच. ठपका त्याच्यावर आला.

पुढे दर रविवारी चर्चमधून निघालो की मी त्याच्याकडे जायचो. चर्चमध्ये फादरांपुढे पापनिवेदनही करायचो, रागावलो, प्रार्थना चुकवली, असं किरकोळ सांगून उठायचो. मोठं पाप जिभेवर यायचं नाही. आंधळा झाल्यावर इनासदादा माणसं चालीवरून ओळखू लागला होता. मी दाराबाहेर नुसता श्वास रोखून उभा राहिलो तरी आतून हाक यायची, "ये पास्कू, भूत हायेस काय?"

म्हणूनच ती शेवटची दुपार मला सोडत नाही. आजार बळावला होता. वहिनी औषध आणायला गेल्या होत्या, फादर संध्याकाळी येणार होते. मी आत पाऊल टाकलं तसे त्याचे पांढरे डोळे वळून थेट माझ्या चेहऱ्यावर थांबले.

"आलात फादर? बसा. पाप सांगायचंय."

'मी पास्कू' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

"एकच हाय. एका माणसाला मी माफ नाय केलं. तो दर रविवारी येतो, चा पितो. त्याचा पाय वाजला की माझ्या डोळ्यांत परत जळतं. मी हसतो, पण मनात म्हणतो, हा मरू दे… आज त्याला सोडला. देवानं मला सोडवावं."

पश्चात्तापाची प्रार्थना शेवटपर्यंत म्हणून तो थांबला. माझा श्वास मला दुसऱ्याच कुणाचा वाटला. पापक्षमेचे शब्द मला पाठ आहेत, पण ते उच्चारायचा हक्क माझा नाही.

"प्रायश्चित्त द्या ना."

"नमो मारिया म्हण," कसंबसं माझ्या तोंडून आलं.

तो हसला. "म्हणतो. तुमी पण बोला, फादर. तुमाला पण लागेल."

त्याच्या कोरड्या बोटांनी माझं मनगट धरलं होतं. आम्ही दोघं मिळून ती प्रार्थना बोललो. संध्याकाळी खरे फादर आले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, "माझं सांगून झालंय."

मातीनंतर मी फादरांपुढे गुडघे टेकले आणि सगळं ओकलो. ते म्हणाले, "देव क्षमा करतो. पण तुझं खोटं अजून त्या घरात बसलंय. ते जाऊन उठव."

वहिनी बोंबील साफ करत होत्या. मी बोलत असताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"डोळे गेले तेव्हा हॉस्पिटलातच सांगितलं होतं त्यांनी मला. मी म्हटलं, त्याला उंबऱ्यात उभा नका करू. तर म्हणाले, येऊ दे, एक दिवस स्वतःच सांगेल. वाट बघून गेले." पुढचा बोंबील उचलत त्या म्हणाल्या, "त्यांनी माफ केलं. मी अजून नाय. लोकांसमोर खोटं बोललात ना? मग लोकांसमोरच खरं बोला."

म्हणून हे लिहितोय. टॅग होता. तो मी काढला. इनासदादाची काहीही चूक नव्हती.

त्या घरात खाटेपासून दारापर्यंत भिंतीवर त्याच्या तळव्याचा काळपट पट्टा आहे, रोज चाचपडत चालून उमटलेला. रंगाऱ्याला वहिनींनी तिथे ब्रश लावू दिला नाही. त्या दिवशी निघताना वीज गेली. अंधारात मी हात टेकला तो नेमका पट्ट्यावर. भिंत गार होती. पट्टा मात्र उबदार, आत्ताच कुणी हात फिरवून गेल्यासारखा… मी तसाच उभा राहिलो.

आतून वहिनींचा आवाज आला, "रविवारी या. मी बघते जमतंय का."