पाठकोरे कागद

हातात आलेल्या पत्रकाची मागची बाजू तुम्ही कधी वाचता का? मी वाचली नव्हती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी पत्रकं वाचतच वाढलो. विशीत स्वतः काढू लागलो – मुकादमांविरुद्ध, पोलिसांविरुद्ध. प्रत्येकाच्या माथ्यावर आवळलेल्या मुठीचं चित्र. नवा कागद परवडत नसे. आमच्या डोंगरातल्या एका ठाण्यात – कुठल्या ते सांगत नाही – एक हवालदारकाका टंकताना चुकलेले कागद माझ्यासाठी ठेवत. एक बाजू भरलेली, दुसरी कोरी.

"ने पाठकोरे," म्हणायचे. "आमच्याच कागदावर आम्हाला शिव्या छाप."

आम्ही हसायचो. ठाण्यातला कागद बाहेर जाऊ नये, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं का?

एका गठ्ठ्यात एक जबाब होता. पोशेऱ्याकडच्या एका मजूर बाईचा, वीटभट्टीवर पोरींना त्रास देणाऱ्या मुकादमाविरुद्ध. वर तिचं नाव, पाडा. खाली – 'माझे नाव कोणास कळू नये.' मी तेव्हा पाहिलंच नाही. कोऱ्या बाजूवर छापलं, 'बायांनो, न भिता बोला', आणि मोखाड्याच्या बाजारात वाटलं. कुणीतरी त्यात सुकट मासळी बांधली असेल. कसंही असो, ती पुडी त्याच मुकादमाच्या घरी उलगडली.

एक बाई मुकादमाच्या भीतीने घर सोडून गेल्याचं कानावर आलं. मी पाड्यावर गेलो तेव्हा तिची सासू दारात होती.

"गेली पोरांना घेऊन. कुठं, ठाव नाय. मुकादम तो कागद घेऊनच आलता."

"कसला कागद, आजी?"

"मला कुठं वाचता येतं? मूठ काढलेली व्हती त्यावर."

मूठ. मी मान खाली घालून निघालो.

तेव्हा तरी बोललो का? नाही – मी नवं पत्रक काढलं. 'तिचं नाव कुणी विकलं?' आणि हवालदारकाकांकडे बोट दाखवलं. या वेळी कागद दोन्ही बाजूंनी कोरा घेतला. म्हणजे मला सगळं कळलं होतं, नाही का?

काकांची चौकशी झाली, लांब बदली झाली. मला कुणी बोलावलंच नाही. कागद कुणाला दिले, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या ठाण्यात एकच नाव गुप्त राहिलं – माझं.

ती कुठे आहे, अजून कळलेलं नाही. तो मुकादम अजून जीपमधून भट्टीवर माणसं नेतो. मी अजून लिहितो; कागद उलटून पाहिल्याशिवाय हात चालत नाही. त्याचा तिला काय उपयोग?

जव्हार-मोखाड्यात कुणाच्या पेटीत, कुडाच्या फटीत ते मुठीचं पत्रक अजून असेल. सापडलं तर मागची बाजू वाचू नका. चुलीत घाला.