साखरबंदी

ताई प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या. रोज सकाळी त्यांना साखरेचं पाणी घालावं, तर साध्या पेशींच्या मानाने या मेल्या दुप्पट वेगाने ते फस्त करायच्या.

हे बघून ताईंनी घरात साखरबंदी लावली. नवऱ्याची तंबाखू सोडवता सोडवता त्या टेकीला आल्या होत्या. निदान साखर तरी तोडू, म्हणून डबा फडताळात सगळ्यात वर गेला. नवऱ्याने हूं की चूं केलं नाही. तीन महिने बिनसाखरेचा चहा गुमान प्यायला. ताईंना भरूनच यायचं.

मग प्रयोगाचा निकाल लागला. साखर फोडणारं एक एन्झाइम अडवलं, तशा त्या पेशी साखरेत बुडूनही उपाशी मेल्या.

"म्हणजे डॉक्टर, घरातली साखर बंद करून..." ताईंनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"काही होत नाही हो! शरीर भाकरीतूनही साखर काढतं. मिस्टरांची तंबाखू बंद करा आधी."

ताईंना अगदी अपराधी वाटलं. घरी येताच स्टुलावर चढून त्यांनी डबा काढला.

"अगं, राहू दे! मला सवय झालीय!" नवरा धावतच आला.

पण झाकण उघडलं होतं. साखरेवर तंबाखूच्या सात पुड्या ओळीने निजल्या होत्या. अख्ख्या घरात ताई जिथे हात लावणार नाहीत अशी एकच जागा होती, आणि ती त्यांनीच नेमून दिली होती.