घोड्या, दार लाव!

माझ्या सासूनं मला आयुष्यात एक वाकडा शब्द ऐकवला नाही. वाकडा कसला, सरळही नाही. मी ह्या घरात आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, तिथल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस गं!" मी म्हणायचे, "या चार दिवस राहायला, मग सांगा." बोलता येत नाही म्हणून सासू गप्प बसते, हा लोकांचा गैरसमज आहे. सासूबाईंकडे एक पाटी होती, खडू होता आणि दोन हात होते. एक टाळी म्हणजे मी, दोन टाळ्या म्हणजे त्यांचा मुलगा. तिसरी वाजली की समजायचं, आज कोणाची तरी खैर नाही.

त्यांनी सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात केली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिथली मशीनं दिवसभर अशी धडधडत की शेजारच्या बाईकडे साबण मागायचा म्हटलं तरी ओरडावं लागे. तीच सवय घरी आली. त्यांच्या बरोबरीच्या बायका त्यांना 'भोंगा' म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. पुढे त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्या, नर्सनं हातात पाटी दिली. आता ही बाई रडेल, देवाचं नाव लिहील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी लिहिलं, "चादर नीट धुतलेली नाही. बदला."

आता तुम्ही म्हणाल, हिनं सासूचा आवाज कधी ऐकलाच नाही. ऐकलाय. दरवर्षी एकदा ऐकते. कॅसेटवर.

त्याचं असं झालं. माझा नवरा नववीत असताना रेडिओवर एका परदेशी बँडचा कार्यक्रम लागणार होता. केस खांद्यापर्यंत वाढवलेले चार बाप्ये, मोठं मैदान, हजारो माणसं, आणि तिथं झालेलं सगळं गाणंबजावणं जसंच्या तसं रेडिओवर. ह्याच्या डोक्यात त्या बँडचं खूळ होतं, अजूनही आहे, उतरेल असं वाटत नाही. त्यानं शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. रेडिओला जोडायची वायर नव्हती, म्हणून रेडिओच्या तोंडासमोर माइक ठेवला आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली की कोणी हूं की चूं करायचं नाही. सासूबाई तेव्हा ड्यूटीवर होत्या. त्यांना ताकीद द्यायची राहिली.

त्या कार्यक्रमात एक लांबच लांब गाणं आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं ऐकल्यावर पाठ झालंय. मध्येच ढोलताशे सगळे थांबतात, एकटी गिटार हळूहळू वाजत राहते, गाणारा कानात सांगितल्यासारखं गुणगुणतो, आणि ती हजारो माणसं श्वास रोखून ऐकत असतात. नेमक्या त्या क्षणी आमच्या सासूबाई ड्यूटीवरून घरी आल्या.

"घोड्या, दार लाव! मांजर आलं बघ आत!"

मग एका फुटलेल्या आवाजाच्या पोराचं, "लावतो गं आई!" मग धाड! दार लागलं. आणि त्या धाडवरच तिकडे ड्रम सुरू झाले. ठरवून करायचं म्हटलं असतं तर जमलं नसतं.

पोरगं त्या रात्री जेवलं नाही म्हणे. आईनंही, "पूस ते, चारचौघांत माझा आवाज कशाला?" म्हणून तगादा लावला. पण तो कार्यक्रम पुन्हा काही लागला नाही, आणि गावात टेप केलेला होता फक्त ह्याच्याकडे. ह्याचा एक दोस्त, आताचा बेकरीवाला, त्यानं त्याची कॉपी केली, बेकरीवाल्याच्या कॉपीवरून आणखी दहा जणांनी केली, त्यांच्यावरून शंभरांनी. ह्या भागात तो बँड ऐकून जेवढी पोरं मोठी झाली, तेवढी माझ्या सासूचं ओरडणं ऐकून मोठी झाली. नवऱ्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. त्याचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे, तिथंही लोक येऊन विचारतात, "घोड्या आहे का?" आमच्या वेळी नवऱ्याला 'अहो' म्हणायची रीत होती. पण घोड्याला अहो कसं म्हणायचं? मी पहिल्यापासून 'अरे'च म्हटलं.

लग्नाच्या दिवशी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. पाहुणे येतायत, जातायत, आणि पाच-सहा धटिंगण दारात उभे राहून एका सुरात ओरडले, "घोड्या, दार लाव!" मला वाटलं भांडण झालं. नवरा लाजून लाल झालेला, आणि कोपऱ्यात माझी सासू, गळ्याला पांढरा रुमाल बांधलेली, खाली मान घालून बसलेली. हसत होत्या की काय करत होत्या, मला कळलं नाही.

बेकरीवाल्याची तर गंमतच. तो आमचं दार ड्रम समजायचा. "ड्रमची एंट्री काय आहे, वा! पहिला ठोका कसा लाकडी येतो!" असं वर्षानुवर्षं सांगत होता. इथल्या पोरांच्या बँडमध्ये ते गाणं वाजवताना त्या जागी एक जण लाकडी खोक्यावर धपाटा घालायचा. शेवटी नवऱ्यानं त्याला घरी आणून ते दार लावून दाखवलं. बेकरीवाल्यानं तीनदा लावून बघितलं आणि हात जोडले. सासूबाईंनी पाटीवर लिहिलं, "बिजागरी तुटेल. बस आता."

तेव्हापासून दरवर्षी एका रविवारी दुपारी ही मंडळी आमच्याकडे जमतात आणि ती कॅसेट ऐकतात. बेकरीवाला, दातांचे डॉक्टर, आणखी सात-आठ जण. सगळ्यांचे केस गेले, पोटं आली, पण मुंड्या अजून तशाच हलवतात. मी चहा करून करून दमते आणि दरवर्षी सांगते की पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या घरी मरा. सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर, उजेडाला, फाटकं शिवत बसतात. गाण्याकडे लक्ष नाही असं दाखवतात. पण त्या दिवशी सकाळीच केस धुतलेले असतात आणि ठेवणीतले कपडे अंगावर असतात. ती जागा आली की सगळी मंडळी त्यांच्याकडे वळतात, कॅसेटमधून आवाज येतो, आणि सासूबाई हातातली सुई थांबवून सगळ्यांकडे एकदा बघतात. जणू आत्ताच बोलल्या.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा दुकान लवकर बंद झालं आणि मी दुपारी घरी आले. आतून तेच गाणं ऐकू येत होतं. बघते तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या, कान टेपरेकॉर्डरला लावलेला. "घोड्या, दार लाव!" झालं की बटण दाबून मागे. पुन्हा "घोड्या, दार लाव!" पुन्हा मागे. आणि ओठ हलत होते. कॅसेटबरोबर त्या बोलत होत्या, नुसत्या ओठांनी. मी चपला हातात घेतल्या आणि कोपऱ्यावर जाऊन उगाच उभी राहिले. कितीतरी वर्षं नवरा कुरकुर करायचा, "सगळी कॅसेट धड आहे, नेमकी तेवढीच जागा कशी झिजली?" मी कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून चहा करताना मी मनापासून केला, तोंडानं काय वाटेल ते बोलत असले तरी.

तर ह्या वर्षीची गोष्ट. दातांचे डॉक्टर आले तेच नाचत. हातात सीडीची नवीकोरी डबी. त्या बँडच्या कंपनीनं तोच कार्यक्रम, त्याच दिवसाचा, मूळ टेपवरून काढून विकायला आणला होता. "वहिनी, असं ऐकलं नसेल! काय साफ केलंय! खरखर नाही, घरघर नाही, एक डाग ठेवला नाही हो!"

डाग म्हटल्यावर सासूबाईंनी मान वर केली.

सगळे त्या डबीवर तुटून पडले. नवऱ्याला तर आनंदानं काय करू आणि काय नको झालं. मी त्याला स्वयंपाकघरात ओढला.

"अरे, त्यात तुझी आई कुठे आहे?"

"आई? आई कशी असेल? ते तिकडचं मूळ रेकॉर्डिंग आहे."

"मग ते नको. आपली कॅसेट लाव."

"अगं, कॅसेट काय, नंतर लावू. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरही घेऊन ठेवलीय, ती कुठे पळून जाते?"

"कॅसेट नाही पळत रे! त्या केस धुऊन बसल्यात बाहेर. वर्षातून एकदा चार माणसांत त्यांचा आवाज निघतो, आणि तू म्हणतोस नंतर? सगळे उठून गेल्यावर? माझ्याकडे बघून ऐकायचं त्यांनी?"

त्याचा चेहरा पडला. बिचारा, त्याच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. पुरुषांच्या येत नाही. एवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या. एक, दोन, तीन. आम्ही दोघं धावलो. सासूबाईंनी पाटी वर धरली होती: "नवं लावा. बघू कसं धुतलंय."

झालं. आता कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची?

नवं लागलं. खरं सांगते, आवाज सुरेख होता. काच पुसल्यावर बाहेरचं दिसावं तसं एकेक वाद्य वेगळं कळत होतं. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी. माझं लक्ष मात्र स्टुलाकडे. सासूबाई टाके घालत होत्या, पण दोरा ओवलेला नव्हता. रिकामी सुई कापडातून वरखाली जात होती. मला इतका राग आला त्या सगळ्यांचा, आणि सगळ्यात जास्त त्या डॉक्टरांचा, की वाटलं ह्यांच्या चहात मीठ घालावं.

ते लांब गाणं सुरू झालं तेव्हा सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी बाहेरचं दार सताड उघडलं. रस्त्यावरचा आवाज आत यायला लागला. दोघं-तिघं वैतागून बघायला लागले. मी दार लावायला उठले, तर त्यांनी तळहात दाखवून मला होते तिथं बसवलं. मला वाटलं गुदमरायला झालं असेल. म्हातारं माणूस, जाऊ दे.

ड्रम थांबले. गिटार हळूहळू वाजायला लागली. गाणारा गुणगुणायला लागला. सवयीनं सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या, आणि तेव्हा कुठे त्या शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर जीभ चावून बसले. बेकरीवाल्यानं बंद करायला हात पुढे केला. ती जागा आली. आणि ती जागा रिकामी. हजारो माणसं गप्प, आम्ही गप्प.

धाड!

सासूबाईंनी दोन्ही हातांनी दार लोटलं होतं. तसबिरी हलल्या. आणि त्या धाडवरच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, ड्रम सुरू झाले.

"लावतो गं आई!"

हे कॅसेटवर नव्हतं. माझा नवरा बोलला होता. डोळे मिटलेले, मान खाली, पंचावन्न वर्षांचा टकला बाप्या, आणि आवाज तोच, नववीतला, मध्येच फुटलेला.

कोणी हसलं नाही. सासूबाई कडीवर हात ठेवून तशाच उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी धावत गेले, म्हटलं रडतायत. हसत होत्या. इतक्या हसत होत्या की गळ्यावरचा रुमाल सुटला. मग मीच रडले, कोणीतरी रडायला हवं होतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाटी मागितली आणि डॉक्टरांसाठी लिहिलं: "छान धुतलंय. एक बटण तेवढं तुटलं होतं."

मंडळी अंधार पडायच्या आत गेली. नवऱ्याला मी विचारलं, "काय रे, दार आईनं लावलं आणि तू 'लावतो' कशाला म्हणालास?" तो म्हणाला, "मी? मी काही बोललोच नाही." अजून कबूल करत नाही. आम्ही दहा-बारा जणांनी कानांनी ऐकलं, पण जन्मभर टेपा गोळा करणाऱ्या त्या माणसांपैकी एकालाही त्या दिवशी टेप करायचं सुचलं नाही.