बसवंतरावांचा 'टेक'चा खण

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट चौकापर्यंत पोचवायची असली की लोक ती मला सांगतात आणि वर "कुणाला बोलू नका बन्सीधरराव" असंही म्हणतात. माझ्या कटपीसच्या दुकानात कापडापेक्षा बातमी जास्त खपते, हे मला मान्य आहे. तरी एक गोष्ट मी चाळीस वर्षं पोटात ठेवली. ती म्हणजे, शेजारचे काष्ठौषधीवाले बसवंतराव दहावी नापास आहेत.

चौऱ्याऐंशी साली आम्ही पुढंमागं बसून परीक्षा दिली. इंग्रजीत मला पस्तीस पडले, त्यांना एकोणतीस. पुढं नव्वदला सेलूच्या महादेवीचं स्थळ आलं. मुलगी दहावी पास, तीही फर्स्ट क्लासमध्ये. बसवंतरावांच्या वडिलांनी बैठकीत बिनधास्त सांगून टाकलं, "पोरगा मॅट्रिक हाय." लग्न झालं. वर्षभरानं महादेवीवहिनींनी बाहेरून बारावीला बसू का म्हणून विचारलं, तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. सासरे म्हणाले, "नवरा मॅट्रिक, बायको मॅट्रिक. जोडा बराबर हाय. आता पुढं कशाला?" बसवंतराव सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. वहिनींनी तो विषय सासरी पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी श्रावणात बसवंतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "बन्सी, सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. दहावीला बसायलोय."

"शेटजी, सत्तावन्नाव्या वर्षी? कुठं नोकरी लागायलीय का?"

"त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर ती शिकली असती रे. आता पास झालो की सांगतो तिला. निदान खोटं तरी खोटं राहणार न्हाई."

मी पोराला हाक मारली आणि दोन चहा मागवले.

बाकीच्या विषयांची त्यांना भीती नव्हती. भीती इंग्रजीची. दुपारी "बँकेत जाऊन येतो" असं घरी सांगून ते रोहिणीकडं जायचे. ती माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचे क्लास घेते. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "काका, शब्द सुटे पाठ करू नका. कोणतं क्रियापद कोणाकोणाबरोबर बसतं ते बघा."

हे त्यांना लगेच पटलं. त्यांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला लाकडाचे ऐंशी खण आहेत. कोणत्या खणात काय, ते झोपेतही सांगतील. हिरडा कोणाबरोबर द्यायचा, ज्येष्ठमध कोणाबरोबर चालतं, हेच तर त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांनी खालचे तीन रिकामे खण पुसून घेतले. एक 'टेक'चा, एक 'मेक'चा, एक 'डू'चा. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या आणि एकेक नाम त्याच्या त्याच्या खणात टाकायला सुरुवात केली. चहा आणि चूक गेली 'मेक'कडं. घरकाम आणि अभ्यास 'डू'कडं. भांडण होतं ते 'टेक'शी.

"बन्सी, आपण आंघोळ करतो, फोटो काढतो, परीक्षा देतो, औषध घेतो. चार कामाला चार क्रियापदं. आन ह्यांचं समद्याला टेक."

"गरीब भाषा हाय," मी म्हणालो. "एका धोतरात चौघं भागवायलेत."

"गरीब कशी? आराम बी घेतला मनतेत. आरामाला हात लावता येतोय का? तरी घेतला." त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "पर कुणी दिल्याबिगर घेता येत न्हाई ना. बाईमाणसाला आराम कोण देतंय?"

मी म्हणालो, असले प्रश्न परीक्षेत येत नाहीत, पुढं चला.

जानेवारीत घोळ झाला. उजळणीसाठी त्यांनी एकाच चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या होत्या. टेक मेडिसिन, टेक अ बाथ, टेक रेस्ट, टेक अ फोटो. गिऱ्हाइकाला औषध कसं घ्यायचं हेही ते तसल्याच चिठ्ठीवर लिहून पुडीत घालतात. गर्दीच्या वेळी झरीच्या धुरपताबाई गुडघ्याचं चूर्ण न्यायला आल्या, आणि त्यांच्या पुडीत गेली ती ही चिठ्ठी.

तीन आठवड्यांनी धुरपताबाई परत आल्या तेव्हा बसवंतराव 'बँकेत' होते. गल्ल्यावर महादेवीवहिनी बसल्या होत्या. मी शेजारी कापड मोजत होतो आणि मोजमाप केव्हाच चुकलं होतं, कारण कान तिकडं होते.

"लय गुण आला बाई," धुरपताबाई म्हणाल्या. "चिठ्ठीत लिव्हलं तसं समदं केलं. आमची नात सृष्टी अकरावीला हाय, तिनं वाचून दाखवलं. औषध घेतलं. ऊन पाण्यानं आंघोळ केली. आराम केला. सून कुरकुर करायली होती, पर इंग्रजीत लिव्हलंय मनल्यावर ती काय बोलंल? चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची आडवी झाले. आन हा घ्या फोटो."

"फोटो कशाला?"

"चिठ्ठीत हाय की. पेपरात येत असतेत न्हाई का, औषधाच्या आधीचा आन नंतरचा. तुमाला छापायला लागत असंल मनून स्टुडिओत जाऊन काढला."

फोटोत धुरपताबाई नव्या लुगड्यात उभ्या होत्या, बरा झालेला पाय पुढं टाकून. मी कापडाच्या गठ्ठ्यावर तोंड दाबून हसलो. वहिनी हसल्या नाहीत. धुरपताबाईंनी दाखवलेली चिठ्ठी पाहत राहिल्या. अक्षर नवऱ्याचं होतं. धुरपताबाईंना वाटेला लावून त्यांनी खालचे खण एकेक करून ओढले. 'टेक'च्या खणात चिठ्ठ्यांच्या तळाशी फॉर्मची पावती होती. इयत्ता दहावी, खासगी विद्यार्थी.

"बन्सी भावजी, इकडं या." मी गेलो. "हे तुमाला ठाऊक होतं?"

"काय?" मी आधी म्हणून पाहिलं. मग म्हणालो, "होय."

"कधीपासनं?"

"चौऱ्याऐंशीपासनं."

तेवढ्यात बसवंतराव आले. उघडे खण दिसले तसे पायरीवरच थांबले. "पास झालो की सांगणार होतो," ते म्हणाले.

"आन नापास झाला असता तर?"

ते चपला काढायला वाकले.

"मंजे सांगणारच नव्हता." वहिनींचा आवाज चढला नाही, आणि मला वाटतं तेच बसवंतरावांना जास्त लागलं. "जोडा बराबर हाय मनले, मी मनाची समजूत घातली. तुमी सुपारी कातरत होता. ध्यानात हाय मला."

चार दिवस त्या घरात ताट वाढलं जायचं, शब्द नाही. पाचव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "सेलूला चला. दादाला सांगा, तुमच्या तोंडानं." मलाही बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून की शिक्षा म्हणून, मी विचारलं नाही.

वहिनींचे थोरले भाऊ शिवप्रकाश कापसाचे व्यापारी. बसवंतरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. शिवप्रकाश हसायला लागले. "एवढंच व्हय दाजी? आता ह्या वयात कोण विचारायलंय?"

"मी विचारायले," वहिनी म्हणाल्या. "सासऱ्यांनी न्हाई मनल्यावर मी तुमच्याकडं आले होते, दादा. तुमी बी तेच बोलला. दाजी मॅट्रिक, तू मॅट्रिक, बास झालं. आता दाजी मॅट्रिक न्हाईत. मग मी कशासाठी थांबले?"

शिवप्रकाशांचं हसू गेलं.  ते एवढंच म्हणाले, "आमचं चुकलं, महादेवी."

परतीच्या रेल्वेत मानवत रोड मागं पडलं. मग वहिनी खिडकीकडं बघतच नवऱ्याला म्हणाल्या, "परीक्षा द्या. पर लपून न्हाई. गल्ल्यावर बसून वाचा."

त्यांनी वाचलं. मार्चपर्यंत चिठ्ठ्या काउंटरवर उघड्या पडलेल्या असायच्या. गिऱ्हाइकं विचारायची, बसवंतराव कानापर्यंत लाल होऊन सांगायचे. वहिनींनी शिकवलं नाही, चिडवलंही नाही. चुकीच्या खणात पडलेली चिठ्ठी दिसली तर उचलून योग्य खणात टाकायच्या, बस्स.

निकाल लागला. इंग्रजीत एकेचाळीस. ते मोबाईल घेऊन आत गेले. वहिनींनी पाहिलं, "बरं झालं" म्हणाल्या, आणि कोनाड्यातून आपला फॉर्म काढून दाखवला. बारावीचा. "दोन ते पाच मी क्लासला जाणार. दुकान तुमी बघा."

दोन ते पाच ही बसवंतरावांची पस्तीस वर्षांची झोपेची वेळ, बँकेचे महिने सोडले तर. आता ते त्या वेळी गल्ल्यावर डुलक्या आवरत बसतात. मागच्या पस्तीस वर्षांचं वहिनींनी माफ केलं का, हे मला माहीत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी मला ब्लाउजपीसचा भाव विचारला. बसवंतरावही त्यांना विचारत नाहीत.

परवा पिंगळीचा एक माणूस अडुळसा घ्यायला आला. "वहिनी दिसंनात?"

"क्लासला गेल्यात. बारावीला बसायल्यात," बसवंतराव पुडी बांधत म्हणाले. मग, त्यानं विचारलं नव्हतं तरी, म्हणाले, "मी औंदाच दहावी झालो. लग्नात पास हाय मनून सांगितलं होतं, ते खोटं होतं."

माणूस सुटे पैसे मोजायला लागला. बसवंतरावांनी औषध कसं घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहिलं, पुन्हा एकदा वाचून पाहिलं आणि चिठ्ठी पुडीत घातली.