रजनीनं धरलेला डूख

साप डूख धरतो आणि बारा वर्षं विसरत नाही, असं म्हणतात. साप बिचारा! मुठा गावच्या रजनीशी त्याची गाठ पडलेली नसावी.

बाकी रजनीकडं बघून कुणाला भीती वाटावी असं काही नव्हतं. खोऱ्यात पुण्याच्या लोकांनी सुट्टीचे बंगले बांधलेत, त्यातल्या एकावर ती झाडलोट आणि स्वयंपाक करायची. नवरा कैलास टेम्पो चालवायचा आणि थोरल्या भावापुढं मान वर करायचा नाही. हा थोरला भाऊ म्हणजे जनार्दन, अख्ख्या गावाचे आबा. पांढरी टोपी, ओट्यावरची खुर्ची आणि कुणाच्याही भांडणात शेवटचा शब्द त्यांचा. रजनी त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. थोरल्या दिरापुढं पदर घ्यायचा आणि काही सांगायचं झालं तर जावेकडं नाहीतर भिंतीकडं बघून सांगायचं, अशी त्या घराची रीत. भिंतीला सांगितलेलं आबांना बरोबर ऐकू जायचं.

तिचा एकुलता एक मुलगा निषाद. बारशाला आत्यानं त्याच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं. ते नाव त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हे कळायला रजनीला साडेचार वर्षं लागली. पाळण्यात असताना पोरगं दचकायचं नाही, कुकरची शिट्टी झाली तरी त्याची झोप मोडायची नाही. "लई गुणाचं हाय, कुनाला तरास न्हाई," असं ती बंगल्यावरच्या बाईंना कौतुकानं सांगायची. दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा सासूनं पोपटाचा उष्टा पेरू चारला. जीभ सुटते म्हणतात त्यानं. सुटली नाही. रजनीनं भिंतीकडं बघून डॉक्टरचा विषय काढला, तर आबा म्हणाले, "आमच्या घरात समदेच उशिरा बोलत्यात. मी सुदिक तीन वरसाचा झाल्यावं बोललो." तेव्हा बोलायला लागले ते अजून थांबलेले नाहीत, असं रजनीच्या मनात आलं. पण मनातलं मनात ठेवायची तेव्हा तिला सवय होती.

शेवटी बंगल्यावर आलेल्या एका पाहुणीनं निषादमागं टाळी वाजवून बघितली आणि तालुक्याच्या गावचं केंद्र सांगितलं. लहान मुलं वेळेवर चालत नाहीत, बोलत नाहीत, बघत नाहीत, त्यांना तिथं तपासतात आणि खेळवत खेळवत शिकवतात. रजनी आबांना न विचारता पोराला कडेवर मारून गेली. तिथल्या निखत मॅडमनी कान तपासले, दुसऱ्या एका यंत्रावरून खात्री करून घेतली आणि सांगितलं की निषादला जवळजवळ ऐकूच येत नाही.

"कानाचं मशीन देऊ, शिकवू," निखत मॅडम म्हणाल्या, "पण ताई, कानाला शब्दांची सवय लागायची वर्षं पहिली दोन-तीनच. तुम्ही तेव्हाच यायला हवं होतं." मग गावाचं नाव वाचून त्या थबकल्या. "मुठा? ओट्याचं घर ना तुमचं? अहो, तपासणीची गाडी घेऊन आम्हीच गेल्या दोन वर्षांत दोनदा आलो होतो. अंगणवाडीत मुलगा दिसला नाही म्हणून घरी आलो. टोपीवाले एक आजोबा म्हणाले, पोरगं मामाच्या गावाला गेलंय."

रजनी म्हणाली, "ह्याला मामाच न्हाई."

खरंच नव्हता. रजनीला भाऊच नाही. निषादचं जावळ काढताना मांडीवर घ्यायला मामा नाही म्हणून केवढी पंचाईत झाली होती, आणि "गुरवाच्या मांडीवर बसवा," हा तोडगा आबांनीच काढला होता. गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत. पण गाडी बाहेरची, अंगणवाडीची ताईही तेव्हा नवी. ते विश्वास ठेवून परत गेले. दोन्ही वेळा रजनी बंगल्यावर भाकऱ्या थापत होती आणि निषाद आतल्या खोलीत बसला होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या दोन वर्षांत आबांच्या लेकीला, रूपालीला, स्थळं बघणं चालू होतं. घरात मुकं पोर आहे हे बाहेर कळलं तर पोरीचं कसं जमायचं? आबांची आवडती म्हणच होती, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी मूठ झाकली. मुठीत रजनीचं पोर होतं.

घरी येऊन रजनीनं भांडण केलं नाही. कैलासला सांगितलं तर तो खाली बघत राहिला. त्या दिवशी तिनं डूख धरला. निषादला मशीन बसलं, दर आठवड्याला ती केंद्रात नेत राहिली. पोरगं हुशार निघालं, बंद पडलेला मिक्सर उघडून चालू करायचं, हातवाऱ्यांनी आईला अख्खा दिवस सांगायचं. पण शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले, आणि तेही आईलाच कळायचे. रूपालीचं लग्न नांदे गावच्या स्थळाशी थाटात झालं. लग्नात रजनीनं पंगती वाढल्या. आबांच्या पानात जिलबी वाढताना ती मनात म्हणायची, खावा, पोट भरून खावा, माझा बी दिवस यील.

दिवस आला तो दिवाळीला. निषाद नऊ वर्षांचा झाला होता. रूपाली माहेरी आली होती, कडेवर गार्गी, नऊ-दहा महिन्यांची, गुबगुबीत. अंगणात पोरांनी सुतळी बॉम्ब लावला. कुत्री पळाली, सासूच्या हातातला तांब्या पडला. गार्गी पणतीकडं बघत बसली होती, तशीच बसून राहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

रजनीनं लगेच ओळखलं, आणि पाठोपाठ आली ती उकळी. आनंदाची म्हणा. खोटं कशाला बोला? तिला बरं वाटलं. आबांचं रक्त, आबांची लाडकी नात. जे दुसऱ्याच्या पोराचं झाकलं ते यांच्याच मांडीवर येऊन बसलं होतं, आणि घरात हे ओळखणारी एकटी रजनी होती. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला तर याच घरानं शिकवलं होतं.

ती गप्प बसली. रूपाली म्हणाली, "काकी, लई शांत हाय गं माझी, कुनाला तरास न्हाई." रजनीनं लाडू वळत मान डोलावली. मार्गशीर्षात रूपाली परत माहेरी आली तेव्हा रजनीची सासू म्हणाली, पोर हाकेला बघत नाही. आबा म्हणाले, "आमच्यात समदेच उशिरा." रजनी आत जाऊन पदरात तोंड घालून हसली. मात्र रात्री निषाद तिच्या गळ्यावर हात ठेवून ती बोलताना होणारी थरथर चाचपायचा, तेव्हा तिला झोप लागायची नाही. गार्गीचा एकेक दिवस वाया चाललाय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? तरी ती सकाळी उठून परत गप्प व्हायची.

माघात गार्गीचं जावळ आबांच्या दारात ठरलं. मामाच्या मांडीवर बसवायचं, आणि मामा म्हणजे रूपालीचा भाऊ सुनील. नांद्याहून तिच्या सासरची मंडळी येणार होती. आदल्या दिवशी आबा ओट्यावरून भिंतीकडं बघून म्हणाले, "उद्या पावनं येत्यात. त्या पोराला जरा खालच्या आळीत कुनाकडं तरी बसवा. उगं हातवारं करत हिंडतंय."

त्या पोराला. नाव घ्यायचीसुद्धा लाज. रजनीनं रात्री ठरवलं. रूपालीला आत बोलवून, दार लोटून, हळूच सांगता आलं असतं. आधीच सांगता आलं असतं. पण तसं सांगून काय सूड उगवणार?

जावळाच्या सकाळी मांडवात पाहुणे बसले होते. सुनीलच्या मांडीवर गार्गी, समोर न्हावी वस्तरा परजतोय, आबा व्याह्यांशेजारी खुर्चीत. रजनी बाहेर आली. एका हातात पितळेची परात आणि बत्ता, दुसऱ्या हाताला निषाद, नवा सदरा घातलेला, कानाला मशीन. ती थेट पोरीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि परातीवर बत्ता हाणला.

मांडव दचकला. न्हाव्याचा हात जागीच थांबला. एका म्हातारीनं राम राम म्हटलं. गार्गी सुनीलच्या सदऱ्याचं बटण चोखत होती, ती चोखतच राहिली. रजनीनं परत हाणला, मग परत. बायका पोरीकडं बघायला लागल्या, मग पुरुष. रूपालीनं तोंडावर हात नेला.

"येडं लागलं काय हिला?" आबा उठले, आणि सवयीनं भिंतीकडंच बघून बोलले. "पोरगी झोपाळलीय. जागरन झालंय तिचं."

रजनीनं डोक्यावरचा पदर खाली घेतला. नवऱ्यादेखत, पाहुण्यांदेखत. "भिंतीला काय सांगताय आबा? माज्याकडं बगून बोला. पोरगी झोपली न्हाई. तिला ऐकू येत न्हाई. माज्या निषादलाबी येत न्हाई, आन तपासनारी गाडी दारात आली तवा तुमी सांगितलंत पोर हितं न्हाई म्हनून. का तर रूपालीचं स्थळ मोडंल! सांगा पावन्यास्नी, तुमच्या तोंडानं सांगा. मी परात वाजवतीया, जोर लावून सांगा."

व्याह्यांनी विचारलं, "खरं हाय का हे?" आबा टोपी काढून हातात धरून उभे राहिले. नांद्याच्या माणसांपुढं त्यांचं टक्कल पहिल्यांदा उघडं पडलं. रजनीनं ते डोळे भरून बघितलं. इतकी वर्षं ज्यासाठी थांबली ते हेच, आणि ते गोड लागलं. उगाच पुण्यवान व्हायचं कारण नाही, गोडच लागलं.

जावळ अर्धवट राहिलं. पण नांद्याची माणसं वाटली त्यापेक्षा शहाणी निघाली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पोरीला केंद्रात नेलं. निखत मॅडमनी वेळेत आलात म्हणून सांगितलं, महिन्याभरात दोन्ही कानांना मशीन बसलं. आबांची ओट्यावरची खुर्ची आत गेली. गावात भांडणं झाली तर लोक दुसरीकडं जाऊ लागले. कैलास बायकोशी बरेच दिवस बोलला नाही, आणि तिलाही त्याची फारशी घाई नव्हती.

उन्हाळ्यात रूपाली गार्गीला घेऊन रजनीकडं आली. पायावर डोकं ठेवलं. "काकी, तू व्हतीस म्हनून. मॅडम म्हनत्यात, एकेक महिना मोलाचा." मग डोळे पुसत सहज विचारलं, "तुला कवा कळलं गं?"

रजनीला खोटं बोलता आलं असतं. परात वाजवली त्या दिवशीच, असं म्हणाली असती तर रूपालीनं जन्मभर तिची पूजा केली असती. पण आबांसारखं बोलायचं नाही, एवढंच तर तिनं या घरात कमावलं होतं.

"दिवाळीला," ती म्हणाली. "बाँब वाजला तवा."

रूपालीनं महिने मोजले. तोंड हळूहळू बदललं. "आन माघापर्यंत गप ऱ्हायलीस? कशापाई?"

"तुज्या बापापाई."

"बापानं केलं ते मला ठावंबी नव्हतं, काकी. आन हिचा काय गुन्हा व्हता?"

रजनीकडं जे होतं ते सगळं तिनं मनात चाळून बघितलं. निषादची वर्षं, पंगतीतली जिलबी, आबांचं टक्कल. यातलं एकही गार्गीपुढं ठेवण्यासारखं नव्हतं. निषाद दारात उभा राहून दोघींचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होता.

रूपालीनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि अंगणातून निघाली. रजनी दारापर्यंत धावली. "गार्गी!" तिनं मोठ्यानं हाक मारली.

खांद्यावरचं पोर वळलं आणि तिच्याकडं बघायला लागलं. आई वळली नाही.